दगा भोयाच्या नावाची मूठ

आमोदखेड्यात कमलबाईच्या गिरणीवर डबा ठेवून कोणी बाई घरी जात नाही. दळण होईस्तोवर तिथंच बसते. उठून गेलं तर आपल्या मागं आपलीच गोष्ट दळली जाईल, ही धास्ती. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून सांगितलेली गोष्ट कोणाच्या पोटात राहत नाही. म्हणून गावात कोणाच्या घरी काय शिजलं हे आधी कमलबाईला कळतं, मग त्या घरच्या पुरुषाला.

कमलबाई साठीच्या पुढची. अंगानं वाळकी, आवाजानं ठणठणीत, भुवयांवर बारा महिने पिठाची साय. नवरा अमृत गिरणीच्या दगडाला टाकी लावतो, पट्टा सांधतो आणि बाकीचा वेळ गप्प असतो. जातीनं भोई, पण अमृत जन्मात नदीत उतरला नाही. आंघोळीलाही नाही. त्यांच्या घराला गावात नाव पडलंय ‘बुडव्या’. लग्न होऊन आली तेव्हा कमलबाईला हे कोणी सांगितलं नव्हतं. विहिरीवर पहिल्यांदा हंडा घेऊन गेली, तर एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून म्हणाली, “हाई बुडव्यासनी नवी सून का वं? दिसाले तं बरी शे.” घरी येऊन तिनं सासूला विचारलं. सासूनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि पुन्हा पुढं सारलं, एवढंच उत्तर.

गोष्ट अशी होती. आता खाली बंधारा झाल्यापासून तापी गाभण म्हशीसारखी एका जागी उभी आहे. पूल झाला, मोटरसायकली झाल्या. पण तेव्हा, बहात्तरच्या दुष्काळाच्या चार-पाच वर्षं आधी, पावसाळ्यात पलीकडे जायचं तर दगा भोयाची नाव हाच रस्ता. दगा म्हणजे अमृतचा बाप. श्रावणात कानबाईचा सण होता. नंदुरबारकडं कामाला, बाजाराला गेलेली गावची माणसं सांजेला परत येत होती. नाव मधोमध आली आणि उलटली. काही पोहून निघाले. दहाजणांची प्रेतं खालच्या गावांना लागली. दगा कुठंच लागला नाही.

पोहून निघालेल्यांनी सांगितलं, नावाडी चुकला, नाव भरमसाट भरली. ते सांगणारे पुढं एकेक करून आपापल्या खाटेवर मेले. त्यांची गोष्ट मात्र धडधाकट राहिली.

दगा बुडाला असता तर गावानं त्याला माफ केलं असतं. मेलेल्या माणसाशी गाव फार दिवस भांडत नाही. पण तो बुडाला नाही असंच गाव धरून बसलं, आणि त्याला कारण झाली त्याची बायको.

कानबाईचे रोट ज्यानं खाल्लेत त्याला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. नागपंचमी झाली की खानदेशात घराघरात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, गहू मोजतात ते पायलीनं नाही, नावानं. आमोदखेड्याची रीत अशी की घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ काढायची. माणूस सुरतेला असो की पुण्याला, त्याची मूठ निघाली की त्यानं घरी पोचायचं आणि भाऊबंदांत बसून रोट खायचे. मेलेल्याची मूठ निघत नाही. आणि ऐन सणात घरात माणूस गेलं तर त्या घरचे रोटच पडतात, म्हणजे बंद होतात. मग पुढं कधी त्याच सणाच्या दिवशी घरात पोरगं जन्मलं किंवा गाय व्याली तरच ते उठतात.

नाव बुडाली त्या वर्षी ज्या घरांत माणसं गेली, त्या सगळ्या घरांचे रोट पडले. दगाच्या घरचे पडले नाहीत. पुढच्या श्रावणात त्याच्या बायकोनं दोन मुठी काढल्या. एक लहानग्या अमृतच्या नावाची, एक दगाच्या. प्रेत दिसलं नाही तोवर मी कुंकू पुसणार नाही, असं तिचं म्हणणं. गावानं त्याचा हिशेब आपल्या परीनं लावला. बाईला ठाऊक आहे. गडी पोहून निघाला, तोंड लपवून सुरतेला पळाला. म्हातारी मरेपर्यंत मूठ काढत राहिली आणि मरताना सुनेला सांगून गेली. कमलबाईनंही मग नवऱ्याच्या आणि आपल्या आंडोराच्या, म्हणजे आज चाळिशीत असलेल्या पोराच्या, मुठीबरोबर ती चालू ठेवली. सासूचा शब्द कोण मोडणार.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर भाग्येशनं ग्रामपंचायतीत सभा बोलावली. भाग्येश सरपंच, तिशीतला, शिकलेला पोरगा, सगळ्यांना काका-काकू करून वागणारा. बंधाऱ्याच्या पाण्यावर नवा घाट बांधलाय, तिथं बुडालेल्यांच्या नावाचा दगड बसवायचा होता. त्यानं मजकूर वाचून दाखवला. “नावाड्याच्या हलगर्जीपणामुळे तापी नदीत बुडून मृत्यू पावलेले ग्रामस्थ,” आणि खाली दहा नावं.

कमलबाई बायांच्या रांगेतून उठली. “अकरावं नाव कोठे शे?”

“कोनं, काकू?”

“मन्हा सासरानं.”

पुढं खुर्चीवर भरत आबा बसले होते. गावातले जुने, बुडालेल्या हिलालचे पुतणे. ते खोकल्यासारखं हसले. “भोईना माणूस पानीमा बुडस का, कमल? बेडूक बुडना असं कोनी आयकं का?”

माणसं हसली. आबांना जोर आला. “तुन्ही सासू सारा गावना देखत मूठ काढे. आते तू काढस. मरेल माणूसनी मूठ कोन काढस? तुम्हीच सांगतस का तो जित्ता शे, अन आते तुम्हीच म्हनतस का दगडवर नाव लिखा.”

कमलबाई खाली बसली. मूठ तर ती काढतच होती.

भाग्येशला वाईट वाटलं असावं. सभा उठल्यावर तो गिरणीवर आला. “काकू, एक तरी साक्षीदार आना. तव्हर मी दगड थांबाडी ठेवस. पन कानबाईना आत.”

घरी अमृत पट्ट्याला रोगण लावत होता. “कसाले उकरस?” तो म्हणाला. “बुडव्या तं बुडव्या. गिऱ्हाईक आपलाकडे पीठ लेवाले येस, नाव लेवाले नही.”

“दगडवर चढी गयं तं मंग कोनी पुसाव नही ते. नातूना नातूबी वाची.”

“वाचू दे. आपन कोठे वाची ऱ्हायनूत.”

ती त्याच्याकडं बघत राहिली. लग्न झाल्यावर दोघं पहिल्यांदा सुरतेला गेली होती, तेव्हा हा माणूस बाजार सोडून चहाच्या टपऱ्यांवर बसलेल्या गड्यांची तोंडं न्याहाळत होता. पुढं जेव्हा जेव्हा गेला, तेव्हा तेव्हा तेच. वर्षं गेली तशी तो जास्त म्हाताऱ्यांची तोंडं बघायला लागला, कारण बापाचंही वय वाढत होतं. हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

शोध घ्यायचा म्हणजे काय करायचं, हे कमलबाईला कोणी शिकवलं नव्हतं. जुने पेपर कुठं असतात, दप्तर कुठं असतं, तिला काय ठाऊक. तिला एकच ठाऊक होतं, कोणाकडचे रोट पडलेत. कानबाईच्या आदल्या दिवशी ती गिरणी पाण्यानं धुते, दुसरं धान्य दगडाला लागू देत नाही, आणि रोटांचे डबे रांगेनं येतात. कोणाचा येत नाही हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तेवढं धरून ती निघाली. जिच्या घरचा डबा येत नाही, ती दुसऱ्या दळणाला आली की कमलबाई धान्य वर ओतायची आणि ओरडून विचारायची, “तुमना घर त्या नावमा कोन गयं व्हतं वं?”

बायका सांगायच्या. आजेसासरा, चुलतसासरा, सासूचा भाऊ. कोणी निघालं का जिवंत, म्हटलं की मान हलवायच्या. होते, गेले.

मग जेठ महिन्यात एके दिवशी भरत आबांची बायको बाजरी घेऊन आली. तीही जोरात सांगत होती. “आमना हिलाल काकासनी कथा काय इचारस, बाप बी गया, आंडोर बी गया, एकली पोर तेवढी वाचनी.” ‘पोर’ म्हणताना लाईट गेली. गिरणी धापा टाकत थांबली आणि ‘वाचनी’ हा शब्द रिकाम्या शांततेत सगळ्यांच्या कानांवर आदळला.

“कोनती पोर?” कमलबाईनं हळू विचारलं. आता ओरडायची गरज नव्हती.

आबांच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. पण सुटलेलं पीठ परत दाण्यात जात नाही. “सोनी. मामा लई गया तिले रनाळाले. तठेच लगीन करी दिधं. परत नही उनी कव्हयच.”

दुसऱ्या दिवशी कमलबाईनं गिरणी अमृतवर टाकली आणि एसटी बदलत बदलत रनाळ्याला गेली. गाव केवढं मोठं. पण “आमोदखेड्याहून आणलेली सोनीबाई” म्हटल्यावर तिसऱ्याच घरी पत्ता लागला. सोनीबाई ओट्यावर पेरणीसाठी शेंगा फोडत बसली होती. पासष्टीची, जाड भिंगाचा चष्मा. कमलबाई शेजारी टेकली आणि न विचारता शेंगा फोडू लागली. रिकाम्या हातानं बसून बोलणं तिला जमत नाही.

“कोठली तू?”

“आमोदखेडानी.”

“त्या गावनं पानीबी नही पिधं मी पुन्हा.” सोनीबाईनं सूप स्वतःकडं ओढलं. “कोनी सून?”

“दगा भोईनी.”

सोनीबाई उठली आणि आत निघून गेली. कमलबाईला वाटलं, झालं, घालवलं. ती पदर सावरून उठणार तोच म्हातारी दोन कप घेऊन बाहेर आली. “च्या पे. मंग सांगस.”

आणि तिनं सांगितलं. इतकी वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट घडीव असते. कुठं अडखळली नाही ती.

त्या दिवशी ती बापाबरोबर आणि धाकट्या भावाबरोबर काठावर उभी होती. वर कुठंतरी पाऊस झाला होता, पाणी गढूळ होत चाललेलं. माणसं जमली ती नावेत मावतील त्याच्या दुप्पट. दगानं सांगितलं, दोन खेपा करू, निम्मे उतरा. कोणी उतरेना. पाणी चढतंय, दुसरी खेप होईलच कशावरून? आणि घरी प्रत्येकाच्या नावाची मूठ निघालेली, रोट लाटायला घेतलेले. जो तो म्हणे, मन्ही मूठ लिधेल शे, मी कसा उतरू. मग कोणीतरी सोनीकडं बोट केलं. पोरीच्या नावाची मूठ नसते, हिला उतरवा. ती भावाच्या सदऱ्याला धरून रडायला लागली. बाप म्हणाला, राहू द्या.

“तव्हय दगा भोई उतरी गया,” सोनीबाई म्हणाली. “काठवर जाईसन बसना. बोलना, मी नही लेत नाव. तुम्ही बुडशात.”

“उतरी गया?”

“उंच माणूस व्हता. बसना तरी माले उभा दिसे. मंग मन्हा बापनी बांबू उचला. बोलना, तू नही येत तं आम्ही लई जातस, भोईलेच येस का नाव? अन ढकली दिधी. दगानी देखं, हाई वाण्याबामणासारखा बांबू धरस, धारमा गयं का सारं संपी. तो पयतच उना अन चढना.”

मधल्या धारेत उपटलेलं बाभळीचं झाड आलं. नाव आडवी झाली. पाण्यात दगानं सोनीला धरलं, बांबू तिच्या काखेत दिला आणि भावासाठी परत गेला. ती बघत होती. भावाचा सदरा एकदा दिसला, दगाचा हात दिसला, मग दोन्ही नाही. पुन्हा वर आलंच नाही कोणी.

कमलबाईच्या मुठीत शेंग होती, ती तिनं फोडली नव्हती. “मंग हाई सांगं काबर नही?”

“माले कोन इचारं?” सोनीबाई म्हणाली. “अन मामा बोलना, बुडेल बापनं नाव कव्हय काढू नको. मी सांगती तं काय सांगती? मन्हा बापनी लोक बुडाया म्हनीसन? लोके म्हनेत दगा पळी गया. मी म्हने, जाऊ दे, पळेल माणूसले तं काही दुखत नही.”

“त्यासनी बायको चाळीस वरीस मूठ काढत ऱ्हायनी.”

सोनीबाईनं चष्मा काढला, लुगड्याला पुसला, पुन्हा घातला.

“गावमा येशी का?”

“मन्हा बापनं नाव दगडवरथीन काढतीन ना मंग.”

“नही काढू देवाऊ मी.”

“तुन्हा शबद चालस का तठे? बुडव्यासना?” ती खवचटपणे नाही, खरंच विचारत होती.

“नही चालत,” कमलबाई म्हणाली. “तरी मी बोलसू.”

आषाढ संपता संपता सोनीबाई आली. एकटी, हातात पिशवी. सभेत तिनं तेच सांगितलं, तसंच. बापाचं वाक्य आलं तेव्हाही आवाज खाली केला नाही. मागं कोणीतरी कुजबुजलं, तेवढंच. भरत आबांचा चेहरा उकडल्यासारखा झाला होता.

“सोनी, मन्हा काकानं नाव मातीमा घालस का तू?”

“मन्हा बापनं शे ते, आबा. काका तुन्हा मांगून.”

“तू नऊ-दहा वरीसनी व्हती. काय समजस पोरले?”

“मूठ नही म्हनीसन उतारी ऱ्हायनतात माले. इतलं समजे.”

आबा सरपंचाकडं वळून म्हणाले, “हां, मंग आते दगडवर काय लिखशी? हलगर्जीपणा कोना? मन्हा काकाना?”

भाग्येशच्या हातात पेन होतं, पण ते कुठं टेकवावं त्याला कळेना. सोनीबाई कमलबाईकडं बघत होती. कमलबाईला वाटलं, हा ठपका आपल्या दारात कित्येक वर्षं पडलाय, आता तो दुसऱ्याच्या दारात टाकणं सोपं आहे. आबांनी तिला बेडूक ऐकवला होता. टाकला असता तर कोणी बोललं नसतं.

“कोनाच नको,” ती म्हणाली. “काढी टाक ती वळ. लिखनंच व्हई तं इतलं लिख, भाऊ, का कोनी उतरनं नही. ते खरं शे अन ते सारासनं शे.”

भाग्येशनं आधी ओळ खोडली, मग खाली अकरावं नाव लिहिलं, मग दोनदा वाचलं. कमलबाईनं त्याला हिलालचं नाव वाचायला लावलं, तेही होतं.

सभा उठायची तर आबांनी काठी आपटली. ते हट्टाला पेटले नव्हते, रीतीचं बोलत होते. “एक गोट ऱ्हायनी. नाव दगडवर चढनं म्हंजे माणूस मरना. मंग मूठ निंघाव नही. दोन्ही चालाव नही, कमल. अन ऐन सणमा मरेल शे तो. तुमना रोटबी पडतीन.”

हे खरं होतं आणि कमलबाईला ते आधीपासून ठाऊक होतं. तिच्या हाताला सवय होती ती मूठ काढायची. पण तिच्या सवयीचा प्रश्न नव्हता. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. अमृत उंबऱ्यावर बसला होता. आत कधी बसत नाही तो. त्यानं उठून धोतराची धूळ झटकली आणि निघून गेला.

त्या दिवशी तो जेवला, गिरणी बंद केली, झोपला. सकाळी दगडाला टाकी लावता लावता तो म्हणाला, “प्रकाशानी पहिली गाडी कव्हय शे वं?”

प्रकाशा म्हणजे तापीकाठचं तीर्थ, तिथल्या घाटावर दहाव्या-तेराव्याची गर्दी नेहमीची. गुरुजींनी पळसाची पानं मागवली. प्रेत मिळालं नाही तर पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी देतात. गुरुजी पानं दर्भानं बांधत होते.

“महाराज, जरासा लांब करा,” अमृत म्हणाला. “उंच व्हता म्हनतस.”

न्हाव्यानं त्याला पायरीवर बसवलं. पाणी पायापर्यंत येत होतं. अमृतनं पाय वर घेतले, मग काय वाटलं, खाली सोडले. कमलबाई दोन पायऱ्या वर बसून बघत होती. न्हावी बोलका होता. दिवसभर दुःखी माणसांची डोकी भादरायची म्हणजे कोणी बोलकाच लागतो.

“कोन वारनं, बाबा?”

“बाप.”

न्हाव्यानं अमृतच्या पांढऱ्या केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि कौतुकानं मान डोलावली. “म्हंजे चांगला पिकला पान व्हतीन. कितला वयना व्हतात?”

अमृतनं थोडा विचार केला.

“मन्हा आंडोरपेक्षा धाकला व्हता,” तो म्हणाला.

न्हाव्याचा वस्तरा हवेतच राहिला. त्यानं वर कमलबाईकडं पाहिलं. तिनं होय म्हणून मान हलवली. मग तो लहान पोराचं जावळ काढावं तसा हलक्या हातानं भादरू लागला.